गाडीतला दिवा आणि अकरा बादल्या समुद्र

आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं तीन. एक लष्करात होता, एक मुंबईत हमाली करून परत आला, आणि तिसरा मी. गावी गेलो की पारावरचे विचारतात, कसा असतो रे? मी म्हणतो, मोठा असतो. एवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून हे लिहितोय. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हा काना-मात्रेला सांभाळून घ्या. वही विजयाताईंची आहे. पुढच्या अर्ध्या पानांवर त्यांचं-माझं बोलणं आहे. उरलेली पानं त्यांनी मला दिली.

मी परभणीकडचा. पनवेलला टायरच्या दुकानात चार वर्षं काढली, तिथंच गाडी शिकलो. विनयदादा दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या आत्या, म्हणजे विजयाताई, मुंबईत एकट्या राहतात. पोस्टात नोकरी करून रिटायर झालेल्या. अडतिसाव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले. बोलतात स्वच्छ, जरा मोठ्यानं. ऐकू मात्र काहीच येत नाही. समोरच्याचे ओठ वाचतात, नाही जमलं तर वही पुढं करतात. दर हिवाळ्यात त्या मैत्रिणीकडं हरिहरेश्वरला जातात, एसटीनं. या वर्षी दादांनी गाडी द्यायचं ठरवलं आणि ड्रायव्हर म्हणून मला. आठ दिवसांची परीक्षा. जमलं तर कायमचा.

चावी देताना दादांनी छताकडं बोट केलं. तिथं आरशामागं छोटा दिवा होता, हाताच्या बोटाएवढा.

"बालाजी, चालत्या गाडीत आत्याशी बोलायचं नाही. थांबायचं, दिवा लावायचा, तोंड तिच्याकडं करायचं, मग बोलायचं. बोलणं संपलं की ती दिवा बंद करेल. तिची तशी पद्धतच आहे. अंधार पडला की लोक तिला विसरतात, माहितेय? हा दिवा म्हणजे तुझी नोकरी समज."

मी समजलो. फारच समजलो. पनवेल ते मांडवा त्या दिव्याकडं किती वेळा बघितलं ते विचारू नका.

मांडवा

ताईंची बोट दहाला येणार होती, मी साडेसातलाच धक्क्यावर. रस्ताभर धूळ. गाडी लाल झालेली. चहाच्या टपरीवर एक मावशी होती, तिला म्हणलं, "मावशी, गाडीला बादलीभर पाणी भेटंल का?"

"प्यायला घे बाला, गाडीला न्हाय. टँकर आज येल का उद्या, कोन सांगल?"

टँकर हा शब्द ऐकून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमची आई अजून टँकरच्या रांगेत हंडा ठेवून उन्हात बसते. एवढ्या लांब येऊनही तेच. आणि मग मी मागं वळलो तर तो समोर. नुसतं पाणी. रांग नाही, हंडे नाहीत, कुणी राखण करत नाही. लाट येते, पायाशी पाणी टाकते आणि परत जाते, जणू कुणाला नकोच आहे.

मी डिकीतली बादली काढली.

अकरा बादल्या. जन्मात कधी गाडीला एवढं पाणी घातलं नव्हतं. आमच्याकडं ओल्या फडक्यानं गाडी पुसतात, त्यालाच धुणं म्हणतात. इथं मी चारही दारं सताड उघडी टाकली, दारांच्या कडांत, फटींत, खाली पायरीवर, सगळीकडं पाणी मारलं. एक घोट तोंडातही घेतला आणि थुंकला. खारट असतं हे शाळेच्या पुस्तकात होतं, पण एवढं असेल वाटलं नव्हतं. वाळेल तिथं पांढरे ओघळ उठायचे, ते फडक्यानं पुसून परत पाणी मारायचं, बोट जवळ येईपर्यंत हेच. गाडी नवरीसारखी दिसायला लागली.

बोट लागली. उतरणारे लोक माझ्याकडं बघून हसत होते. सहलीचे लोक, हसणारच. ताई सगळ्यांच्या शेवटी उतरल्या. बारीक चण, पांढरी वेणी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी गाडी बघितली, बादली बघितली, मग मला नीट बघितलं.

"तूच बालाजी?"

"हो ताई."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

चौल

मांडव्याहून खाली जाताना थळच्या कारखान्याचा धूर लांबून दिसतो, मग अलिबाग, मग नारळ आणि सुपारीच्या वाड्या सुरू होतात. वाडी म्हणजे झाडांचं अंगण. ऊन खाली पोचतच नाही. मला आधी कोंडल्यासारखं झालं. आमच्याकडं उभं राहिलं की चार कोसांवरचं गाव दिसतं. इथं शेजारचं घर झाडांमुळं दिसत नाही, नुसता रेडिओ ऐकू येतो.

ताईंच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं मुक्काम होता. सदूकाका त्यांचं नाव. त्यांच्याकडं त्या दिवशी पोपटी होती. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ भरायचं, वरून भांबुर्डीचा पाला कोंबायचा आणि मडकं शेतात उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्याकडं हुरडा असतो, त्याची ही बहीण. फक्त हुरडा हातावर चोळून खायचा, आणि ही फोडून खायची, बोटं भाजत.

सूर्य बुडता बुडता जाळ पेटला. दहा-बारा माणसं गोल बसलेली. जाळ होता तोवर ताई सगळ्यांत होत्या. याच्या तोंडाकडं बघ, त्याच्या तोंडाकडं बघ, मधेच कुणाची थट्टा. सदूकाकांची बायको म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना यंदा पण शेंगा जाळायच्या हायत, भाजायच्या न्हाय." ताई लगेच म्हणाल्या, "जाळू दे गं, दर वर्षी कोळसाच खाते मी." सगळे हसले.

मग जाळ उतरला. निखारे राहिले. माणसं बोलतच होती, पण आता नुसते आवाज होते, चेहरे नव्हते. ताई या आवाजाच्या दिशेला वळायच्या आणि तोवर तो दुसरीकडून यायचा. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. थोड्या वेळानं ताई उठल्या आणि माझ्याकडं न बघता गाडीकडं चालायला लागल्या.

मी पळत जाऊन दार उघडलं. दिवा लागला. ताई बसल्या, तोंडावर उजेड आला, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

"काय म्हणत होता रे सदू, शेवटी?"

मी सगळं सांगितलं. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या पोराचं लग्न कुठं जमलं. त्या हसल्या, मग हात वर करून दिवा बंद केला.

रोज संध्याकाळी विनयदादांचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा. दादा मला सांगणार, मी ओठांनी ताईंना, ताई मला, मी दादांना. त्या दिवशी म्हणालो, सगळं ठीक. तेव्हा ते खरं होतं.

मुरूड

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद. समुद्र उजव्या हाताला, कधी झाडामागं, कधी एकदम अंगावर. मुरूडला दुपारी सुरमई आणि तांदळाची भाकरी. ती भाकरी इतकी मऊ की मला वाटलं कच्ची आहे. वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "ज्वारीवाला दिसतोस. चावायला काय न्हाय म्हनून रडू नको." मी चार खाल्ल्या.

दिवस मावळताना ताईंना किनाऱ्यावरून घ्यायला गाडी नेली. दार उघडलं, दिवा लागला नाही.

दिव्याचं बटण तीन घरांचं असतं: एकात बंद, एकात कायम चालू, आणि मधल्या घरात ठेवला की दार उघडल्यावर आपोआप लागतो. मी बटण चालूवर ढकललं. लागला. म्हणजे दिवा शाबूत होता. एवढ्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं.

पण माझा हात स्वस्थ बसत नाही. लहानपणापासून तेच. म्हणलं, बल्ब ढिला असेल, ताई यायच्या आत दाबून बसवू. खिशात चमचा होता, खाणावळीतून डब्याबरोबर आलेला. त्यानं दिव्याची काच उचकटली. दिवा चालूच. चमच्याचं टोक बल्बच्या कडेला लागलं, मागची बाजू पत्र्याला. बारीकशी ठिणगी. टिच असा आवाज.

दिवा गेला. बल्ब फिरवला, दाबला, काच लावली, काढली. काही नाही.

ताई आल्या, बसल्या. काही विचारलं त्यांनी. मी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "दिवा लाव की." मी हातानं खूण केली, नाही लागत. त्यांनी मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडावर धरली. मी डोळे बारीक केले.

"काय झालं?"

"बल्ब गेला ताई. आपोआप."

त्यांनी बॅटरी धरूनच ठेवली. मग म्हणाल्या, "असं धरलं की तू चौकीतला चोर वाटतोस आणि मी फौजदार. मला असं बोलता येत नाही." बॅटरी बंद केली. वही पिशवीत ठेवली. मुक्कामाच्या घरापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता होता, तेवढ्यात त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादांचा फोन आला. "दिवा-बिवा चालू ना?"

"चालू दादा."

त्या रात्री डोळा लागला नाही. आपोआप हा शब्द सारखा आठवत होता.

आगरदांडा

तिसऱ्या दिवशी मुरुडात गाडीच्या लाइटचं काम करणारा एकच माणूस होता आणि तो लग्नाला गेला होता. बल्ब तेवढा मिळाला. नवा बल्ब टाकला, तरी अंधार. पलीकडं दिघीला जायची फेरीबोट आगरदांड्याहून सुटते, गाडीसकट माणसं नेते. रांगेत गाडी लावली. बोट पलीकडच्या काठाला होती, अर्धा तास होता.

धक्क्याला मच्छीमारीच्या होड्या लागलेल्या. एका होडीत पांढऱ्या दाढीचे एक चाचा वायरी ओढत बसले होते. त्यांना सगळे हमीदचाचा म्हणत होते. होड्यांच्या लाइटचं काम करणारे. मी हात जोडले.

"चाचा, गाडीचा आतला दिवा गेलाय. बघता का? लई उपकार होतील."

"होडीवाला हाय मी, मोटारवाला न्हाय." पण उठले. गाडीशी आले, ताईंना सलाम केला, आत वाकले. दिव्याला हातच लावला नाही. आधी रेडिओकडं बघितलं.

"हे घड्याळ पन बंद? कधीपासून?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रेडिओवरचं घड्याळ कोरं होतं.

"दोघं एकदम गेले म्हंजे बल्ब कसा जाईल रे? दोघांची वाट एक हाय." त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, आतून नखाएवढा निळा फ्यूज उपसला आणि उजेडात धरला. मधली तार तुटलेली. "काय खुपसलंस?"

"चमचा."

"दिवा चालू ठेवून?"

"चालू ठेवून."

"शाबास. खानसामा हायस तू." झाकणाच्या आतल्या बाजूला दोन जादा फ्यूज खोचलेले होते. ते तिथंच असतात, मला ठाऊक नव्हतं. त्यातला एक त्यांनी बसवला. बटण चालूवर, दिवा लागला. घड्याळ बारा वाजल्यापासून लुकलुकायला लागलं. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो.

"थांब. दार उघड-झाक कर."

बटण मधल्या घरात ठेवून एकेक दार उघडलं. मागच्या दारांना दिवा लागला. पुढच्या दोन्ही दारांना नाही. चाचांनी पुढच्या दाराच्या चौकटीत बघितलं. तिथं एक रबरी टोपीचं छोटं बटण असतं. दार लागलं की दबतं, उघडलं की बाहेर येतं, आणि त्यावर दिवा लागतो. ते बटण दबलेलंच अडकलं होतं. टोपी फाटकी, आत पांढरी पावडर.

चाचांनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारा हाय." माझ्याकडं बघितलं. "गाडी दर्यात उतरवलीस काय?"

मी हळू आवाजात सांगितलं. मांडवा. बादल्या. तोंड ताईंकडं जाणार नाही असं वळवून.

"अरे! आमी होडीचं वायरिंग गोड्या पान्यानं पुसतो, आन् तू मोटार दर्यानं धुतोस?" त्यांनी पाण्याच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर घेतलं, बटण धुतलं, सुकवलं, बारीक घासलं, ग्रीस लावलं. दुसऱ्या दाराचंही. दार उघडलं, दिवा लागला.

"आज लागला. पन दारांच्या आत, खाली, सगळीकडं खार बसलाय. चार दिवसांत परत येल. जिथं थांबशील तिथं गोड्या पान्यानं धू. वरून न्हाय, फटीफटीत." मग ताईंकडं मानेनं खूण केली. "त्यांना ठाव हाय?"

"नाही."

"मंग पानी मागशील कसा?"

फेरीबोट भोंगा देत आली. चाचा परत आपल्या होडीत. ताईंनी त्यांना हात केला.

शेखाडीचा रस्ता

दिवेआगरपासून श्रीवर्धनकडं जो रस्ता जातो, त्यावर उजवीकडं काळे खडक आणि खडकांवर फुटणारं पाणी. गावाकडच्यांना सांगायचं तर नांगरलेल्या काळ्या रानात कुणी सारखं दूध ओतत असावं, असं. एवढं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. डोक्यात एकच. हरिहरेश्वरला मैत्रिणीच्या घरी विहीर आहे, हे ताई म्हणाल्या होत्या. पाणी मागायचं तर कारण सांगावं लागणार. गप्प राहिलो तर दिवा परत जाणार, चार दिवसांनी, आणि तेव्हा म्हणणार काय? आपोआप?

सूर्य पाण्याला टेकला. मी गाडी कडेला घेतली. दिवा लावला. ताई माझ्याकडं वळल्या.

मी बोललो. सगळं एका दमात.

"मान वर कर," ताई म्हणाल्या. "दिसत नाही."

परत बोललो.

"पुटपुटू नको. हनुवटी गळ्यात घालून बोललास तर मी काय वाचू?"

अपराध कबूल करताना मान खाली जाते माणसाची. आई, मास्तर, मालक, सगळ्यांसमोर माझी खालीच गेली. इथं ती सोय नव्हती. दिव्याखाली तोंड वर करून, ओठ उघडून, तिसऱ्यांदा सांगितलं. "ताई, मांडव्याला मी गाडी समुद्राच्या पाण्यानं धुतली. अकरा बादल्या. त्यानं दाराची बटणं गेली. मग चमच्यानं दिवा मी बिघडवला. बल्ब आपोआप गेला हे खोटं होतं."

मग ताई म्हणाल्या,

"बोटीवर त्या दिवशी सगळे एका बाजूला जाऊन हसत होते. मला वाटलं डॉल्फिन दिसला. बघते तर एक माणूस समुद्रातून बादल्या भरून गाडीवर ओततोय आणि खूश होऊन नाचतोय. मनात म्हटलं, देवा, हा आपला नको." त्यांचे ओठ थरथरायला लागले, हसू आवरत. "जवळ आले तर नंबर आपलाच."

"मग बोलला का नाहीत?"

"समुद्राचा आणि दिव्याचा संबंध असतो हे मला काय ठाऊक? त्या चाचांनी बोट चाटलं तेव्हा कळलं." मग हसू गेलं. "पण मुरूडला खोटं बोललास ते तेव्हाच कळलं होतं. खोटं बोलताना माणूस ओठ कमी उघडतो. वाचायला त्रास होतो रे मला."



"विनयला काय सांगायचं ते तुझं तू ठरव," म्हणाल्या आणि दिवा बंद केला.

हरिहरेश्वर

इथल्या देवळाची प्रदक्षिणा डोंगरामागून, पार समुद्राच्या खडकांवरून आहे. भरती असली की वाट बंद. आमच्या गावचा देव कधीही भेटतो. इथं आधी समुद्राला विचारावं लागतं. सकाळी ओहोटी बघून ताई आणि त्यांची मैत्रीण कुसुमताई जाऊन आल्या, आणि मी विहिरीवर.

पहिली बादली ओढली आणि हात थांबला. गोडं पाणी. प्यायचं. ते गाडीवर ओतायचं? आईला कळलं तर बोलायची नाही माझ्याशी. अर्धी बादली फटीत ओतली, अर्धी ठेवली. कुसुमताई मागून बघत होत्या.

"अरे ओत की! औषध पाजतोयस का तिला? आमची विहीर मे महिन्यातपण आटत नाही."

"मोजून ओत," ताई पायरीवरून म्हणाल्या. "समुद्राच्या अकरा ना? मग याच्या बावीस."

बावीस ओतल्या. शेवटचं पाणी दारातून गळलं ते बोटावर घेतलं, चाटलं. खारट नव्हतं.

संध्याकाळी अंगणात चारही दारं एकेक उघडून बघितली. चारही वेळा दिवा लागला. ताई पुढच्या सीटवर येऊन बसल्या, मी माझ्या. तेवढ्यात दादांचा फोन.

"काय रे, दिवा चालू?"

"चालू आहे दादा. पण मधे बंद होता. माझ्यामुळं." आणि सांगितलं. समुद्र, चमचा, काल-परवाचं खोटं. काही ठेवलं नाही.

दादा ओरडले, "समुद्राच्या पाण्यानं? पत्रा सडेल गाडीचा! डोकं आहे का तुला?"

"विहिरीच्या पाण्यानं धुतली दादा, सकाळी."

"राहू दे. खोटं पण बोललास वर. आत्याला सांग, उद्या दुपारी दुसरा ड्रायव्हर पाठवतो. तू चावी ठेव आणि एसटीनं ये."

ताई माझ्याकडं बघत होत्या. "काय म्हणतोय?"

फोन माझ्या कानाला होता. त्यांना ऐकू येत नव्हतं. मी म्हणू शकत होतो, तब्येत विचारतायत. कुणाला कळलं असतं? माझं घर, आईचा हंडा, टायरचं दुकान, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी मान वर केली, दिव्याखाली, आणि तोंड चांगलं उघडून एकेक शब्द सांगितला.

"ताई, दादा म्हणतायत, उद्या दुपारी दुसरा ड्रायव्हर पाठवतो. मी चावी ठेवून एसटीनं जायचं."

ताईंनी माझ्या ओठांकडं शेवटच्या शब्दापर्यंत बघितलं.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "दुसरा नको. दुसऱ्याला मान वर करून बोलायला परत पहिल्यापासून कोण शिकवेल? मी आता म्हातारी झाले."

मी फोनमध्ये तेच, जसंच्या तसं सांगितलं. दादा काहीतरी बोलायला लागले.

"तो काय म्हणतोय ते आता नको सांगूस," ताई म्हणाल्या, आणि हात वर करून दिवा बंद केला.